नऊ घोड्यांचा ताईत

कुसाकाच्या गॅरेजपुढे त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बिनटपाच्या छोट्या गाड्यांची रांग थेट सोबा शेवयांच्या दुकानापर्यंत गेली होती. सगळ्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या, सगळ्या पुसून लख्ख केलेल्या. मालकही साधारण तसेच. होन्माच्या बायकोनं मोठं पातेलंभर मिसोचं सूप आणलं होतं, पण वाट्या हातात घेऊन लोक ते प्यायचंच विसरले होते. सगळ्यांचे डोळे आत, रोलरवर चढवून पट्ट्यांनी बांधलेल्या एका हिरव्या गाडीकडे लागले होते.

गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि इंजिनावर तळहात टेकवून, डोळे मिटून, गावोगाव फिरून गाड्या बऱ्या करणारे इबुकी सेन्सेई उभे होते.

पांढराशुभ्र बॉयलर सूट. त्यावर ग्रीसचा डाग पडलेला मी एकदाही पाहिला नाही. ज्या मेकॅनिकच्या नखांत काळं नाही त्याची मला आधी शंका येते, पण इथं माझं कोण ऐकतंय.

"टर्बोच्या गाडीत काय असतं?" सेन्सेई डोळे मिटूनच बोलू लागले. "पंखा असतो. त्यानं इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतात. ते इंजिन जगत नाही, त्याला जगवतात. आणि हे? हे आपला श्वास आपण घेतं. श्वास घेतो त्याला जीव असतो. जीव असतो तो आजारी पडतो. आणि आजारी पडतो तो बरा होतो."

यातलं शेवटचं वाक्य किती खोटं आहे हे त्या गाडीचे मालक सावातारी यांच्याइतकं गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी सगळ्यात आधी मान त्यांनीच डोलावली.

आता यंत्राचं सांगते. मागची चाकं रोलरवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवायची, म्हणजे इंजिन किती घोड्यांच्या ताकदीचं आहे ते पडद्यावर येतं. सेन्सेईंनी हात लावण्याआधी कुसाकानं गाडी पळवली तेव्हा आकडा आला एकशे अठ्ठावीस. शिवाय खालून ठक ठक असा आवाज, तोही सगळ्यांनी ऐकला.

मग सेन्सेईंनी हवेच्या फिल्टरवर नदीतला एक गोटा ठेवला. लाकडी हातोडीनं इंजिनाला हलकेच टिचक्या मारल्या. घंटी वाजवली. तपकिरी बाटलीतलं 'श्वासतेल' इंजिनात ओतलं, आणि ते इतकं सावकाश उतरत होतं की बघणाऱ्याला जांभई यावी. शेवटी लाल जरीच्या कापडाचा एक ताईत काढला, कपाळाला लावला आणि यंत्राच्या शेजारी उभ्या असलेल्या बारक्या दांडीला अडकवला. आमच्याकडे ताईत कुठं नसतो? आरशाला असतो, किल्लीला असतो, शाळेच्या दप्तराला असतो. कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

कुसाकानं गाडी पुन्हा पळवली. ठक ठक बंद. पडद्यावर एकशे सदतीस.

गर्दीतून एक 'ओऽऽ' निघाला. आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होन्मा, एरवी बँकेत लोकांचे अर्ज नाकारणारा कोरडाठक्क माणूस, रुमालानं डोळे टिपत होता. या लोकांना नऊ घोडे म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर ते रडतात. टर्बोवाला एक स्क्रू पिळतो आणि पन्नास घोडे वाढवतो. पण आमच्या इंजिनात पिस्टन खाली जातो, जागा होते आणि बाहेरची हवा आपल्या पायानं येईल तेवढीच आत येते. तिला यायला वाट सोपी करून द्यायची, एवढंच माणसाच्या हातात. हवेच्या वाटा कानशीनं घासायच्या, झडपा उघडणारा कॅम बदलायचा, त्याची वेळ केसभर मागे-पुढे करायची. हिवाळाभर खपलं तर नऊ घोडे मिळतात. सेन्सेईंनी ते सूप निवायच्या आत दिले.

सावातारींनी आधी सेन्सेईंना आणि मग गाडीला कमरेत वाकून नमस्कार केला. गाडीला केलेला जास्त वेळ चालला.

मी माकाबे. इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, मलाही लोक सेन्सेई म्हणतात. आमच्याकडे मास्तर, डॉक्टर, वकील, पुढारी आणि भामटे या सगळ्यांना सेन्सेईच म्हणायची पद्धत आहे, तेव्हा त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. माझ्याकडेही तसलीच एक जुनी लाल गाडी आहे, म्हणून मी मंडळात. आणि सावातारींचा मुलगा केइगो माझा विद्यार्थी, म्हणून त्या हिरव्या गाडीत माझा जीव अडकलेला.

केइगो अभ्यासात यथातथाच होता, पण हातात कानस दिली की पोरगा दिसायचा नाही, नुसती पाठ दिसायची. मोठा झाल्यावर तो आणि त्याचा वर्गमित्र कुसाका मिळून गॅरेज चालवायचे. या गाडीचं इंजिन त्यानं एकट्यानं बांधलं. त्या वेळी रक्ताच्या आजाराचं निदान झालं होतं. दवाखान्यातून घरी सोडलं की तो थेट गॅरेजात येऊन बसायचा आणि त्या हवेच्या वाटा घासायचा, बोट आत घालून डोळे मिटून तपासायचा, पुन्हा घासायचा. इंजिन पुरं झालं, गाडीत बसलं, सुरू झालं. नवं इंजिन आधी हळूहळू रुळवावं लागतं, मगच पूर्ण वेगानं फिरवायचं. ते रुळवायचं राहिलं आणि केइगो गेला. आपलं इंजिन काट्याच्या लाल रेघेपर्यंत, म्हणजे पूर्ण जोरात फिरताना कसं वाजतं ते त्यानं कधी ऐकलंच नाही.

बाप जन्मभर बस चालवत होता. त्यांनी गाडी ताब्यात घेतली आणि ठरवलं की इंजिन आपण रुळवायचं, आणि मार्चमध्ये मुलाच्या वर्षश्राद्धाला शर्यतीच्या सर्किटवर नेऊन एकदा, त्याच्या वतीनं, लाल रेघेपर्यंत फिरवायचं. या एका गोष्टीवर तो माणूस सकाळी उठत होता. त्यांची बायको आधीच गेलेली.

पण शरदात तो आवाज सुरू झाला. मंडळातल्या जाणत्यांनी सांगितलं, काही नाही हो, ठोकीव पिस्टन थंड असताना वाजतोच. जास्त ताकदीच्या इंजिनात तसले पिस्टन घालतात आणि ते खरोखरच थंडीत वाजतात, त्यामुळे आमच्या लोकांना वाजणारं इंजिन म्हणजे इमानदार इंजिन वाटतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा मालक असा आवाज ऐकून घाबरला असता, आमचे लोक कौतुकानं कान देऊन ऐकत बसले. फक्त कुसाकानं सांगितलं की इंजिन गरम झाल्यावर आवाज वाढतोय, म्हणजे तो पिस्टनचा नाही. क्रँकवरची बेअरिंगं झिजलीत. आत्ता उघडलं तर बेअरिंगं बदलून भागेल, तसंच चालवलं तर एक दिवस पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या बाहेर येईल.

सावातारी उघडायला तयार होईनात. मी त्यांच्या घरी जाऊन वाद घातला. ते चहा ओतत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले की त्यातला शेवटचा बोल्ट केइगोनं आवळलाय, तो दुसऱ्या कुणी सोडवायचा नाही.

अशा माणसाकडे इबुकी आला आणि म्हणाला, उघडायची गरजच नाही. आणखी काय हवं होतं?

मी गप्प बसले नाही. माझा स्वभाव तसा नाही. पुढच्या खेपेला भर गर्दीत मी इबुकीला विचारलं की फिल्टरवर गोटा ठेवल्यानं ताकद वाढते ती कुठल्या वाटेनं, जरा समजावून सांगा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आजारी आहे.

"बाई विज्ञान शिकवतात," तो लोकांना म्हणाला. "विज्ञान म्हणजे मोजणं. मग मोजा ना बाई. यंत्र माझं आहे का? कुसाकाचं आहे. आकडा मी लिहितो का? यंत्र लिहितं. मी तर फक्त हात ठेवतो."

लोक हसले. यंत्र खरंच कुसाकाचं होतं आणि आकडा खरंच वाढत होता, प्रत्येक गाडीचा, प्रत्येक वेळी. त्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्यातल्या अर्ध्या गाड्यांवर गोटे बसले. होन्मानं स्वतःच्या गाडीचा आकडा छापून बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावला. सावातारींच्या गाडीतून पुन्हा ठक ठक येऊ लागली की इबुकी येऊन आणखी एक बाटली ओतायचा, घंटी वाजवायचा, आणि आवाज जायचा. इंजिनातून मुलाचं दुःख बाहेर पडतंय, म्हणायचा. मला हे ऐकून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण सावातारी त्या शब्दांवर अक्षरशः जगत होते, हेही मला दिसत होतं. दोन वाट्या भात जेवायला लागले होते.

उलगडा झाला तो एका कामचुकार पोरीमुळे.

फेब्रुवारीत माझ्या वर्गातली रिन्का परीक्षेच्या दिवशी ताप आला म्हणून शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत जाऊन झोपली. तिथल्या नर्सनं मला बोलावून घेतलं. तिला हसू आवरत नव्हतं. थर्मामीटर बेचाळीस अंश सेल्सिअस, म्हणजे त्याचा शेवटचा आकडा, दाखवत होता. एवढा ताप आला असता तर पोरगी केव्हाच शिजली असती. मी पांघरूण ओढलं तर पोटाशी कायरो. कायरो म्हणजे ती गरम पुडी, पाकीट फोडलं की आपोआप तापते आणि थंडीत आम्ही खिशात घालून फिरतो. रिन्कानं थर्मामीटर त्या पुडीला लावून ठेवला होता, फक्त जरा जास्त वेळ.

"अगं, निदान अडतीसवर तरी काढायचा," मी म्हटलं, आणि तिथंच थांबले. थर्मामीटर माझ्या हातात होता आणि डोळ्यांसमोर यंत्राशेजारची ती बारकी दांडी.

ती दांडी थर्मामीटरच होती. हवा किती गरम आहे ते ती यंत्राला सांगते. गरम हवा विरळ असते, तिच्यात इंजिनाला कमी खायला मिळतं, ताकद कमी पडते. मग ऑगस्टात मोजलेली गाडी आणि जानेवारीत मोजलेली गाडी यांची तुलना कशी करायची? म्हणून यंत्र हिशेब करून भरपाई देतं. तापात पेपर लिहिलेल्या पोराला आम्ही चार गुण जास्त देतो, तसंच. गॅरेजात होती कडाक्याची थंडी, आणि दांडीला इबुकीनं अडकवला ताईत. ताईतात काय असणार?

इबुकी परत येणार होता वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, दुपारी. सावातारींच्या गाडीला सर्किटच्या आधी शेवटचा 'श्वास' द्यायला. मंडळ सगळं जमलं होतं. छपरांवर अजून बर्फ होतं. मी माझी लाल गाडी पुढे घातली आणि म्हटलं, आज आधी माझी मोजा. बाई वाटेवर आल्या म्हणून लोकांना आनंद झाला.

कुसाकानं गाडी पळवली. एकशे चार. इबुकी घंटी घेऊन पुढे आला, त्याला मी म्हटलं, तुम्ही बसा. खिशातली कायरो काढली, सगळ्यांना दाखवली, हातरुमालात गुंडाळून त्या दांडीला बांधली. इंजिनाला बोट लावलं नाही.

"पळव," मी कुसाकाला म्हटलं.

एकशे अकरा.

मी कायरो सोडली, बाहेर जाऊन मूठभर बर्फ आणलं आणि ते दांडीला लावून धरलं. एकशे दोन. आता पुढच्या रांगेतल्या एकानं चक्क खाली वाकून दांडीकडे बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, रिन्काच्या तापासकट. मग इबुकीच्या हातातला ताईत मागितला. तो देईना, तेव्हा मी घेतला. जरीची शिवण उसवली आणि आतली गरम पुडी काढून होन्माच्या तळहातावर ठेवली.

इबुकीचा चेहरा जराही पडला नाही, हे मी मानते. "ऊब हाच श्वासाचा दूत आहे," तो म्हणाला. "मी ते कधी लपवलंय?" आणि घंटी पिशवीत घालू लागला.

मला वाटलं होतं, आता लोक त्याच्या अंगावर जातील. ते माझ्या अंगावर आले. अंगावर म्हणजे आमच्या पद्धतीनं, मान खाली घालून, हळू आवाजात. होन्मा म्हणाला की बाईंचं बरोबर असेलही, पण चारचौघांत पाहुण्याला असं करणं शोभलं का? आणि एक जण म्हणाला की आपली गाडी तर आता खरंच चांगली पळते, ते काय खोटं? कुणीतरी इबुकीला त्याच्या व्हॅनपर्यंत पोचवायला गेलं आणि झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागून आलं.

मी कुसाकाकडे वळले. पडद्याच्या कोपऱ्यात हवेचं तापमान दिसतं, ते तुला इतके महिने दिसलं नाही का, असं विचारलं. तो माझा विद्यार्थी, माझ्याशी खोटं बोलायची त्याची टाप नाही. दिसत होतं, म्हणाला. बाहेर बर्फ पडत असताना पन्नास अंश दिसत होतं. पण गॅरेज बंद पडायला आलं होतं, आणि इबुकी आला की पटांगण भरायचं. शिवाय सावातारीकाका हसायला लागले होते, म्हणाला.

सावातारी खुर्चीत बसून होते. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले.

"बाई, आकडा खोटा, हे समजलं," ते म्हणाले. "पण आवाज तर गेला ना? तो तर मी माझ्या कानांनी ऐकलाय."

मी कुसाकाला ऑइल काढायला लावलं. खालचा बोल्ट सोडला तेव्हा ते पडेना, काकवीसारखी धार लागली. एवढं जाड ऑइल झिजलेल्या बेअरिंगमधल्या फटीत बसतं आणि आवाज दाबून टाकतं, बरं काही करत नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये ते पसरवून कुसाकानं उन्हात धरलं. आत बारीक चमचम होती, जरीचा चुरा पडल्यासारखी. बेअरिंगचा धातू होता तो. हिवाळाभर झिजून झिजून आलेला.

सावातारी ट्रेकडे बघत राहिले. मी म्हटलं, सावातारीसान, उद्या नेऊ नका. आजच उघडू या. अजून वाचेल कदाचित.

"उघडलं की ते कुसाकाचं इंजिन होईल," ते म्हणाले. "उद्यापर्यंत ते केइगोचं आहे."

"उद्या तुटलं तर कुणाचंच राहणार नाही."

"बाई, तुम्ही खरं सांगताय, मला कळतंय. पण त्यांचं खोटं हिवाळाभर माझ्याबरोबर जेवायला बसलं. तुमचं खरं आज आलंय."

मी त्यांच्या हातातली किल्ली ओढून घ्यायला हवी होती असं लोक मागून म्हणाले. ज्याची गाडी त्याची किल्ली. कुसाकानं नवं ऑइल भरलं. ठक ठक लगेच परत आली आणि सगळ्यांनी ती ऐकली.

सर्किटवर सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. सावातारींनी मुलाचं जुनं हेल्मेट घातलं, फोटो शेजारच्या आसनावर पट्ट्यानं बांधला. आम्ही भिंतीपाशी उभे होतो. एक फेरी त्यांनी सावकाश मारली. दुसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर आले आणि पाय दाबला.

काय वाजलं ते इंजिन! चार सिलिंडर एका दमात श्वास घेत वर वर चढत गेले, कुठं अडखळ नाही, कुठं खरखर नाही. केइगोनं बोटानं चाचपून केलेल्या त्या वाटा होत्या. ठक ठकसुद्धा त्यात बुडून गेली. कुसाका माझ्याशेजारी उभा राहून हुंदके देत होता. आणि लाल रेघ यायच्या किंचित आधी लोखंडावर घण पडावा तसा एक आवाज झाला, मागून पांढरा धूर आला आणि गाडी मुकाट्यानं घरंगळत कडेला लागली.

रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला होता. रस्ताभर ऑइल सांडलं. उरलेल्यांच्या फेऱ्या थांबल्या, सर्किटची माणसं भुसा टाकून झाडायला लागली. सावातारी हेल्मेट काखेत घेऊन एकेकापुढे जाऊन वाकत होते, तुमचा रस्ता खराब केला, तुमचा वेळ गेला, फार त्रास दिला. झाडणाऱ्या पोरांपुढे वाकले. होन्मापुढे वाकले. माझ्यापुढेही वाकले. मला ते सहन झालं नाही, मी तोंड फिरवलं.

आठवड्यानं कुसाकानं इंजिन उघडलं. उघडायला फारसं उरलंच नव्हतं. तुटलेला पिस्टन वर जाऊन आदळला होता, केइगोनं घासलेल्या वाटांची तोंडं ठेचली गेली होती. ते परत करता येण्यासारखं काम नव्हतं, आणि करणारा तर नव्हताच. सावातारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. कुसाकानं शाबूत राहिलेल्या सिलिंडरांची बेअरिंगं टेबलावर मांडली. अर्धगोल पत्रे, वरच्या बाजूचे सगळे ठोकून चपटे झालेले.

"ही वरचीच का झिजली?" सावातारींनी विचारलं. "खालची तर चांगली आहेत."

कुसाका फडक्यानं हात पुसत राहिला. वय झालं होतं धातूचं, असं काहीतरी पुटपुटला. केइगोनं ती नवीन घातली होती, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, कुसाका, तू हे बघितल्या बघितल्या ओळखलंयस. सांग त्यांना.

तेव्हा त्यानं सांगितलं. हे इंजिन जोरात फिरण्यासाठी बांधलेलं आहे. त्याला वरच्या गिअरला टाकून हळू हळू चालवलं की ते कुंथतं, आणि प्रत्येक स्फोटाचा घाव बेअरिंगच्या वरच्या अंगावर बसतो. काका बस चालवतात तसे पाचव्या गिअरला जपून जपून चालवायचे. शरदात आवाज ऐकला तेव्हाच त्याला समजलं होतं.

सावातारींनी टेबलावरचा एक पत्रा उचलला, अंगठ्यानं चाचपून बघितला.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, काका."

"हो, वाटलं असतं," ते म्हणाले. "आणि मी तिसऱ्या गिअरला चालवली असती."

ते उठले, टोपी घातली आणि बसच्या थांब्याकडे चालत गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. चहा देतात, हवापाण्याचं बोलतात. भात पुन्हा अर्धी वाटीच.

इबुकी आता डोंगरापलीकडच्या खोऱ्यात आहे, गर्दी इथल्यापेक्षा मोठी जमते म्हणे. त्याला उघडं पाडणं अवघड नाही, एक पोरगी आणि एक थर्मामीटर पुरला. पण मी त्याला उघडं पाडलं तोवर त्याचं काम होऊन गेलं होतं. तो लबाड होताच, पण आत शिरला तो आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवलेल्या फटीतून. कुणाला दुखावू नये म्हणून जे जे आम्ही बोललो नाही, त्या प्रत्येक जागी तो काहीतरी गोड बोलला. तेव्हा माझं सांगणं साधं आहे. आकडा दिसला की तो कशावरून आला ते विचारा. यंत्र मोजतंय म्हटलं तर यंत्राला कोण काय सांगतंय ते बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या गाडीतून, घरातून, छातीतून असा आवाज येत असेल आणि तो कशाचा हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याला आज सांगा. वाईट वाटेल त्याला. वाटू द्या.